चौकटीवरचं नाणं

आमच्या बाथरूमच्या दाराच्या चौकटीवर एक रुपयाचं नाणं कायम ठेवलेलं असतं. पाहुण्यांचं लक्ष जातं. कुणी विचारतं, देवाचं काही आहे का? नाही. दाराला जी कडी आहे ती आतून नेहमीसारखी लागते, पण बाहेरच्या अंगाला एक खाच आहे. तिच्यात नाणं घालून फिरवलं की दार उघडतं. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. आमच्याकडे ती तीन वर्षांपूर्वी बसली, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. आठ दिवस उशिरा बसली.

माझी धाकटी बहीण पिंपळगाव बसवंतला असते, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे. हंगाम सुरू व्हायच्या आत एक रविवार काढून ती माझ्या हळदीकुंकवाला नाशिकला आली होती. थंडी अशी की निफाडचा पारा रोज पेपरात पहिल्या पानावर. पहाटे बागाईतदार द्राक्षाच्या बागांमध्ये शेकोट्या पेटवत होते आणि इकडे शहरात आम्ही फटी बुजवत होतो. आमच्या बाथरूमला वर एक काचपट्ट्यांची छोटी खिडकी आहे. तिच्यातून गार वारा थेट अंगावर येतो म्हणून मी डिसेंबरातच जुन्या कालनिर्णयचं पान दुमडून चिकटपट्टीनं लावलं होतं. गॅसचा गिझर आत, नळाच्या वर. बसवणाऱ्यानं तिथेच बसवला, आम्हीही तिथेच बसवू दिला. पाइप कमी लागतो, पाणी लवकर गरम येतं. धूर बाहेर नेणारी नळी लावायची असते हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्या सकाळी आधी मुलगा न्हायला, मग आई, मग बहीण. म्हणजे ती आत गेली तेव्हा गिझर पाऊण तास जवळजवळ सलग पेटलेला होता. तिला केस धुवायचे होते. आई म्हणाली, तिला वेळ लागणारच. मी स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या कापत होते. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता आणि त्या आवाजात काहीतरी चुकतंय असं मला वाटत होतं, पण काय ते कळेना. मग कळलं. बादली भरून वाहण्याचा एकसुरी आवाज होता. तांब्याचा आवाज नव्हता. अंघोळ करणारा माणूस तांब्या बुडवतो, ओततो, बादलीच्या काठावर आपटतो. त्यातलं काहीच नाही, नुसती धार.

हाका मारल्या. ओ नाही. दार फोडायला माझ्या नवऱ्याला आणि समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाला किती वेळ लागला असेल? दोन मिनिटं, तीन मिनिटं. ती भिंतीला टेकून खाली बसलेली, मान छातीवर, हात पाण्यात, झोपल्यासारखी. चादरीत गुंडाळून तिला गच्चीलगतच्या मोकळ्या पॅसेजमध्ये नेलं. वाऱ्यावर आल्यावर तिनं डोळे उघडले, उलटी केली आणि म्हणाली, "ताई, डोकं फार दुखतंय गं."

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरात करोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर होता. तिच्या बोटाला लावला. ९८. पुन्हा लावला, दुसऱ्या बोटाला. ९८. घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. २०२१ साली आम्ही याच आकड्यावर जगलो होतो. ९४ च्या खाली गेला की धावपळ, वर असला की देवाला नमस्कार. तिचा नवराही फोनवर म्हणाला, "ताई, ऑक्सिजन तर चांगला आहे ना? मग पडू द्या तिला थोडं, मी निघालोच." मीही तेच म्हटलं. तिला गोधडीत झोपवलं, लिंबूपाणी दिलं. चाळीस मिनिटं गेली. खालच्या मजल्यावरच्या सिस्टर ड्यूटीवरून आल्या, त्यांनी नुसतं ऐकलं, गिझरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ते मशीन बाजूला ठेवा. गाडी काढा."

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गॅस गिझरचाच. मग घट्ट बसणारा मास्क आणि पूर्ण ऑक्सिजन. रक्ताचा वेगळा नमुना घेतला. ऑक्सिमीटरनं जे सांगितलं नव्हतं ते त्या तपासणीनं सांगितलं. तिच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड होता.

मी तेव्हापासून हे ज्याला त्याला समजावत बसते. हिमोग्लोबिन म्हणजे एसटी समजा. फुफ्फुसाच्या स्टँडवर ऑक्सिजन चढतो, मेंदूच्या, हृदयाच्या थांब्यावर उतरतो, रिकामी गाडी परत येते. कार्बन मोनॉक्साइड त्याच सीटवर येऊन बसतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट बसतो. उतरायचं नाव घेत नाही. खिडकीतून आधीच रुमाल टाकून सीट अडवावी तसं. वर तो असा त्रास देतो की जो काही ऑक्सिजन गाडीत चढलेला असतो, त्यालाही थांब्यावर नीट उतरू देत नाही. ऑक्सिमीटर काय पाहतो? तो बोटातून लाल प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडून सीट भरली आहे का एवढं बघतो. सीटवर कोण बसलंय हे त्याला ओळखता येत नाही, कारण त्या प्रकाशात दोघं सारखेच दिसतात. म्हणून ९८. गाडी भरलेली, पण चुकीच्या प्रवाशांनी.

साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून पूर्ण ऑक्सिजन दिला तर सुमारे दीड तास. लिंबूपाण्यात गेलेली आमची चाळीस मिनिटं मी या हिशेबात अजून बसवत असते.

आणि मेंदूला उधारी चालत नाही. शरीराच्या वजनात तो दोन टक्के, पण आपण घेतो त्या ऑक्सिजनातला सुमारे वीस टक्के एकटा वापरतो, आणि साठवत काहीच नाही. रक्ताचा पुरवठा पूर्ण थांबला तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते, चार-पाच मिनिटांत पेशी मरायला लागतात. सगळ्या एकदम नाही. हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग आहे, नव्या आठवणी तिथे मुरतात. तिथल्या पेशी सगळ्यात हळव्या, त्या आधी जातात.

मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न वेगळा होता. तिला कळलं कसं नाही? दार तिच्या हाताच्या अंतरावर होतं. कडी वर करायची आणि बाहेर पडायचं. नाक-तोंड दाबलं तर माणूस जिवाच्या आकांतानं हातपाय झाडतो, मग ही शांतपणे खाली कशी बसली?

डॉक्टरांचं उत्तर मी आयुष्यभर विसरणार नाही. श्वास कोंडल्यावर जी घुसमट होते, ती बहुतांशी ऑक्सिजन कमी झाल्याची नसतेच. ती कार्बन डायऑक्साइड वाढल्याची असते. मेंदूची धोक्याची घंटा त्या वायूला बांधलेली आहे. तो नेहमीसारखा बाहेर पडत असला की घंटा वाजत नाही. ऑक्सिजन गुपचूप कमी होत जातो, माणसाला जरा गरगरतं, जरा सुस्ती येते, पाय लुळे पडतात. आणि "काहीतरी चुकतंय" हे ज्यानं ओळखायचं तो मेंदूच तेव्हा मंदावलेला असतो. करोनात ऐंशीच्या खाली आकडा गेलेली माणसं फोनवर बोलत बसलेली आपण पाहिली. तेही याच जातीचं.

हे ऐकताना मला आजोबांचा कंदील आठवला. दिंडोरीकडे आमची जुनी विहीर होती. उन्हाळ्यात गाळ काढायला गडी उतरायचे, त्याआधी आजोबा कासऱ्याला पेटता कंदील बांधून तळापर्यंत सोडायचे. वात फडफडली किंवा विझली की त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. वरून पाणी मारायचं, पाल्याची मोठी फांदी दोराला बांधून खालीवर करून हवा ढवळायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा कंदील. लहानपणी मला तो पूजेतलाच एक भाग वाटायचा. विहिरीच्या तळाशी जड वायू साचतो आणि ऑक्सिजनला वर ढकलतो, उतरणाऱ्याला काही जाणवायच्या आत तो कोसळतो, हे आजोबांना त्यांच्या भाषेत ठाऊक होतं. (कंदील पुरेसा नसतो, हेही सांगायला हवं. विषारी वायू वातीला दिसत नाहीत आणि गटारात, सेप्टिक टँकमध्ये पेट घेणारा वायू असला तर ज्योत नेणं म्हणजेच घात. तिथे वायू मोजायचं यंत्रच हवं, आणि खरं तर तिथे माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं बंद व्हायला हवं होतं. अजून बातम्या येतात. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा.) आजोबा विहिरीत माणूस सोडण्याआधी हवा तपासत होते आणि मी स्वतःच्या घरात खिडकीला कॅलेंडरचं पान चिकटवलं.

खुणा नव्हत्या असंही नाही. महिनाभर आई म्हणत होती, अंघोळीनंतर डोकं जड होतं. आम्ही म्हटलं, ॲसिडिटी. चहा उशिरा झाला. गार वारा लागला. मुलगा एकदा न्हाऊन आल्यावर सोफ्यावर तसाच बसून राहिला, मी त्याला आळशी म्हटलं. एकाच घरातल्या दोघांचं डोकं एकाच खोलीतून आल्यावर दुखतं, बाहेर पडल्यावर तासाभरात उतरतं, यातून काही निष्कर्ष काढावा असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही. स्वयंपाकाच्या गॅसला वास असतो, कारण कंपन्या मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य त्यात मिसळतात. त्यामुळे गॅसचा धोका नाकाला कळतो असा आपला पक्का समज. तो गॅस अर्धवट जळल्यावर जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत.

आई आणि मुलगा वाचले, तीच का कोसळली? ती तिसरी गेली, जास्त वेळ आत होती, हे आहेच. पण दवाखान्यात तिचं हिमोग्लोबिनही पाहिलं. नऊ. हे ऐकून मी तिच्यावर चिडले, मग स्वतःवर, मग कुणावर चिडावं ते कळेना. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त बायकांच्या गाड्यांना मुळातच सीटा कमी आहेत, आणि त्यातल्या काही परक्यानं अडवल्या की मेंदूपर्यंत पोचणार काय? आपल्याकडे बाईचं हिमोग्लोबिन कमी असणं म्हणजे "जरा अशक्तपणा". पाळीत फार जातं, सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खाल्लं जातं, गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून त्या बंद होतात. एरवी हे निभावून जातं. संकटाच्या दिवशी मात्र हाताशी शिल्लक नसते.

दोन दिवसांनी ती घरी आली. हसत, बोलत. हळदीकुंकू राहूनच गेलं होतं, तिळगूळ तिनं स्वतः डब्यात भरून नेला. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बजावलं होतं, महिनाभर लक्ष ठेवा. आम्हाला वाटलं, सांगायचं म्हणून सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. "ताई, ही वरणात दोनदा मीठ घालते, आणि सांगितलं तर नुसती बघत राहते."

मी गेले. माझी बहीण द्राक्षाचा मणी १८ मिलिमीटरचा आहे की नाही हे रिंग न लावता सांगणारी. क्रेट समोर आला की कुणाचा प्लॉट, कितवी तोडणी, हे चिठ्ठी न वाचता. ती दारात उभी होती. पावलं छोटी छोटी टाकत आली, चेहरा सपाट. चहा ठेवला, साखर घातली, गाळणं हातात धरून थांबली. पुढे काय करायचं असतं ते तिला आठवेना. गाळणं आणि कप, दोन्ही समोर. मी तिच्या हाताला धरून चहा गाळला. नंतर तिनं विचारलं, "ताई, तू कधी आलीस?" अर्ध्या तासात तीनदा विचारलं.

कार्बन मोनॉक्साइडनंतर हे काही जणांना होतं. माणूस बरा होऊन घरी जातो, काही दिवस किंवा काही आठवडे छान जातात आणि मग आतल्या नसांच्या तंतूंवरची वेष्टणं खराब झाल्याचं दिसायला लागतं. विसर, मंद चाल, लघवीवरचा ताबा जाणं, चिडचिड. पुष्कळ जण वर्षभरात सावरतात, काही जण पूर्ण सावरत नाहीत. आम्हाला हे आधी नीट समजावलं गेलं असतं तर निदान ते तीन दिवस वाया गेले नसते. त्या तीन दिवसांत तिच्या सासरच्यांना वाटत होतं की ती कामाचा कंटाळा करते.

एक वर्ष लागलं. डाव्या तळहातावर पेनानं लिहून ठेवायची. गॅस बंद. दूध आलं. मोठी शाळेत. तिच्या मुलीनं रोज रात्री तिच्यासोबत दिवस पहिल्यापासून म्हणायचा नेम धरला, सकाळी काय केलं, मग काय केलं, मग काय. पाढे म्हणावेत तसं. आज ती नव्वद टक्के पूर्वीसारखी आहे असं सगळे म्हणतात. मी मोजत नाही. शब्द शोधताना ती जरा थांबते, आणि नव्या माणसाचं नाव तिला दोनदा सांगावं लागतं.

त्या वर्षात मी या विषयात इतकी बुडाले की आजूबाजूला सगळीकडे मला श्वासच दिसायला लागला. नवऱ्याचं घोरणं. आधी मी त्याला कोपर मारून कूस बदलायला लावायची. आता जागी राहून ऐकलं, तर घोरणं मध्येच तुटायचं, दहा सेकंद, वीस सेकंद काहीच नाही, मग मोठा झटका देऊन श्वास. हे रात्रभर. झोपेची तपासणी करून घेतली, आता मशीन लावून झोपतो, सकाळची डोकेदुखी गेली, रक्तदाबही आटोक्यात आला. घोरणं म्हणजे गाढ झोप ही समजूत काढून टाकायला हवी. झोपेच्या गोळ्या घेऊन वर दारू पिणारा माणूस तर श्वासाचा लगामच सैल सोडतो. आमच्या ओळखीत एक जण असा झोपेतच गेला. बाळंतपणात बाळ लगेच रडलं नाही असं सांगताना आयांचा आवाज इतक्या वर्षांनीही का बदलतो, तेही मला आता समजतं. एप्रिल २०२१ मध्ये, २१ तारखेला, आपल्याच गावात झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळाली आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. तेव्हा टीव्हीवर पांढऱ्या वाफेचे लोट पाहून मी रडले होते, पण पुरवठा थांबणं म्हणजे आत नेमकं काय होणं, ते माझ्या बहिणीनं मला शिकवलं.

छाती दाबायलाही शिकले. हृदय बंद पडलेल्या माणसाचा मेंदू आपल्या दोन तळव्यांवर जिवंत राहतो. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल, थांबायचं नाही, कुणाला तरी १०८ लावायला सांगायचं. वर्गात पुतळ्यावर करताना दोन मिनिटांत घाम फुटला. रामकुंडावर गंगेतून, म्हणजे आमच्या गोदावरीतून, काढलेल्या माणसाभोवती जमणाऱ्या गर्दीत हे येणारं एक माणूस असलं, तरी त्याचं घर वाचू शकतं. बुडालेल्याला मात्र आधी तोंडावाटे श्वास द्यावा लागतो, कारण त्याचं सगळं सुरूच होतं हवा तुटण्यापासून. पोट दाबून पाणी काढत बसण्यात मिनिटं जातात, आणि मिनिटंच तर नसतात.

गिझर आता बाहेर गॅलरीत आहे, धुराची नळी लावून. खिडकीच्या काचपट्ट्या मी दोन काढूनच टाकल्या. थंडीत वारा येतो, येऊ दे. आधी बादली भरायची, गिझर बंद करायचा, मग आत जायचं. मी कडीच काढून टाकणार होते, पण बहीणच म्हणाली, "कडी हवी ताई. बाईला कडी लागते." म्हणून ही नाण्याची.

परवा, पुन्हा जानेवारी. मी पिंपळगावला तिच्याकडे होते. पॅकहाउसमागच्या खोल्यांमध्ये सुरगाणा-पेठकडून आलेल्या बायका राहतात, दिवसभर द्राक्षं निवडतात, रात्री घमेल्यात निखारे घेऊन दार लावून, लेकरांना मध्ये घेऊन झोपतात. जेवण झाल्यावर बहिणीनं बॅटरी घेतली, कपाटातून दोन गोधड्या काढल्या आणि मला म्हणाली, चल. ती रोज जाते म्हणे. प्रत्येक दार वाजवायचं, घमेलं बाहेर ओट्यावर काढायला लावायचं, विझताना बघायचं. तिसऱ्या खोलीत एक बाई कुरकुरली, बाळ आजारी आहे, गारठेल. बहीण थांबली. शब्द शोधत होती. मी मदतीला तोंड उघडणार, इतक्यात तिनं हातानं मला थांबवलं.

"गोधडी घे," ती सावकाश म्हणाली. "दोन्ही घे. आणि सकाळी मला सांग, तुझं डोकं दुखतंय का."